मोराच्या हृदयावरची विभूती

लातूर हा स्वतंत्र जिल्हा होऊन तिसरे वर्ष चालू होते आणि पावसाने पाठ फिरवल्याला दुसरे. शिरूर अनंतपाळपासून पायवाटेने अर्ध्या कोसावर बेलांची एक जुनी राई होती. त्या राईतल्या मठात गुरुपादप्पा स्वामी आणि त्यांची विधवा धाकटी बहीण शरणम्मा अशी दोनच माणसे राहत. स्वामींनी सत्तरी ओलांडली होती. ऐन तारुण्यातली वर्षे त्यांनी काशीच्या पाठशाळेत न्यायशास्त्राच्या अध्ययनात घालवली आणि त्यानंतरची सारी या राईत. मठाला उत्पन्न नव्हते आणि शिष्यशाखाही नव्हती. महादेवाचे एक खोल गाभाऱ्याचे देऊळ होते, आटलेली विहीर होती आणि मोर होते.

मोर मठाने पाळलेले नव्हते. ते राईचे होते. तरीही स्वामींच्या गुरूंनी देह ठेवताना पोथ्यांविषयी किंवा पूजेविषयी काही न सांगता एवढेच सांगितले होते, "गुरुपादा, पाखरांची डोण कोरडी पडू देऊ नकोस." विहिरीजवळच्या लिंबाखाली काळ्या दगडाची एक लांबट डोण होती. त्या आज्ञेनंतर ती कधी कोरडी पडली नव्हती. बहात्तरच्या दुष्काळात माणसे खडी फोडायला गेली, गुरे कसायाकडे गेली, पण डोणीत पाणी राहिले.

या वर्षी मृग कोरडा गेला, आर्द्राही कोरड्या गेल्या. तेव्हा गावाने पूर्वापार चालत आलेला शेवटचा उपाय करायचे ठरवले. पाऊस हटून बसला की महादेवाला पाण्यात कोंडायचे. गाभाऱ्याचे गोमुख चिखल आणि चिंध्यांनी बुजवायचे, घरोघरची एकेक घागर आणून पिंडी पूर्ण बुडेपर्यंत गाभारा भरायचा, दार लावायचे आणि पाऊस पडेपर्यंत उघडायचे नाही. देवाचा जीव गुदमरला म्हणजे तो आभाळ मोकळे करील, हा त्यामागचा भाव. भाव भाबडा खरा, पण ज्याच्यावर हक्क वाटतो त्याच्यावरच माणूस असा रुसतो. म्हणून स्वामींनी त्याला कधी विरोध केला नव्हता.

टँकर तीन-चार दिवसांआड येई. तरीही प्रत्येक घराने घागर दिली. म्हातारी मनकर्णाबाई आपली घागर डोक्यावर घेऊन, वाटेत दोनदा बसून, मठापर्यंत आली. एवढे करूनही पिंडीचा माथा चार बोटे उघडाच राहिला. मग सर्वांची दृष्टी मठाच्या ओसरीकडे वळली. तिथे पाण्याची दोन पिंपे होती.

"एक पिंप कमी पडून राहिलं बगा, स्वामी," संगप्पा म्हणाले. संगप्पा गावचेच, लातूरच्या मोंढ्यात त्यांची आडत होती. कपाळावर सदा विभूतीचे तीन पट्टे, आणि हात देण्यात कधी आखडलेला नाही. "तुमच्याकडं तर दोन हायती."

"एक आमचे आहे, एक पाखरांचे."

"पाखरं काय घागरी लावून पितात व्हय?"

माणसे थकल्यासारखी हसली. स्वामी हसले नाहीत. ते विचार करू लागले, आणि त्यांचा विचार नेहमीप्रमाणे शास्त्राच्या पायऱ्यांनी चालला. गाय मूत्र विसर्जित करते, बैल करतो, श्वान करतो. म्हणून त्यांना पुन्हा पुन्हा प्यावे लागते. पक्षी मूत्र विसर्जित करताना आजवर कोणी पाहिलेला नाही. इतकी वर्षे मोरांच्या सहवासात राहून त्यांनीही तो पाहिला नव्हता. ज्याचा व्यय नाही त्याचा आय कशाला? जे भांडे सांडत नाही ते वारंवार भरावे लागत नाही. प्रतिज्ञा, हेतू, दृष्टांत, सर्व जागच्या जागी बसले.

"पक्ष्याच्या देहातून पाणी वाहून जात नाही," ते म्हणाले. "सकाळी डोणीचा तळ ओला केला तरी त्यांना पुरेल. ते पिंप न्या."

शरणम्मा ओसरीच्या खांबाला टेकून उभी होती. "अण्णा, चिमणी बी तोंड बुडवून पिती की वो. पुन्यांदा पुन्यांदा पिती."

"ते तिच्या चोचीच्या लहानपणामुळे," स्वामी म्हणाले, आणि ते उत्तर त्यांना स्वतःलाही पटले.

पिंप ओतले गेले, पिंडी बुडाली, दार लागले. संगप्पांनी हात जोडले आणि लगेच बोलून टाकले, "पाखरांचं पानी घेतलं, तर पाखरांचं खानं माझ्याकडं. डाळमिलीतून हरबऱ्याच्या डाळीची चुरी धाडून देतो. एक बी पाखरू उपाशी ऱ्हानार न्हाई."

दिलेला शब्द त्यांनी पाळला. चुरीची पोती आली. राईत त्या वर्षी किडा नव्हता, गवताचे बी नव्हते. मोर डाळीवर तुटून पडले. शरणम्मा सकाळ-संध्याकाळ सूप भरून टाकी आणि डोणीत पहाटे एक कळशी ओती. सूर्य झाडावर येईपर्यंत दगड पुन्हा पांढरा पडलेला असे.

काही दिवसांनी मोर झाडावर चढेनासे झाले. कोरड्या डोणीभोवती पंख सैल सोडून, मान आखडून बसू लागले. त्यांच्या पायांचे सांधे सुजले. पहाटे कानी पडणारा केकारव थांबला आणि तो थांबल्याचे स्वामींच्या आधी शरणम्माच्या लक्षात आले. मग एका सकाळी सर्वांत मोठा नर डोणीला अंग टेकून मेलेला आढळला.

मोर मेला तर वनखात्याला वर्दी द्यावी लागते आणि शवविच्छेदन करावे लागते. वनरक्षक आपल्याबरोबर डॉक्टर व्यंकटरावांना घेऊन आला. व्यंकटराव नांदेड जिल्ह्यातल्या देगलूरकडचे; पशुवैद्य म्हणून त्यांची नव्या जिल्ह्यात बदली झाली होती. गेले चार महिने ते गुरांच्या छावण्यांमधून फिरत होते आणि त्यांच्या डोळ्यांखाली ते फिरणे दिसत होते.

"हपीस कुठं असतंय तुमचं?" शरणम्माने विचारले.

"लातुरात. भाड्याच्या खोलीत," ते पिशवी उघडता उघडता म्हणाले. "जिल्हा आला, पण खुर्च्या अजून उस्मानाबादेतच आहेत. म्हणून तर फिरतो, मावशी. बसायला जागा कुठं आहे?"

लिंबाखाली पोते अंथरून त्यांनी मोर उताणा ठेवला. बातमी गावात गेली होती. वीस-पंचवीस माणसे जमली. संगप्पा त्या दिवशी चुरीचे पोते घेऊन स्वतःच आले होते. डॉक्टरांनी पिसे बाजूला सारली, पोट उघडले, छातीचे हाड कापून वर उचलले, आणि त्यांचा हात थबकला.

मोराच्या हृदयावर पांढरा लेप होता. विभूतीची वडी ओल्या बोटाने घासून लावावी तसा तो बारीक, शुभ्र, हृदयाला चहूकडून वेढून बसला होता. यकृतावरही तीच पांढरी धूळ पसरली होती.

मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने पायातल्या वहाणा काढून ठेवल्या.

"इभूत हाय," तो म्हणाला.

"काळजावर इभूत," संगप्पा हळू म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि त्यात काडीचेही ढोंग नव्हते. "आपण कपाळाला लावतो. पुसली जाती, घामानं जाती. ह्यानं आत लावली. देव कोंडलाय आनि देवाच्या दारातल्या पाखरानं आत इभूत लावून घेतली. ही खून हाय."

एकेक करून सर्वांचे हात जुळले. स्वामींचेही जुळले. मोराला आपल्या माणसांच्या रीतीने बसवून समाधी द्यावी, तिच्यावर चबुतरा बांधावा, आणि पाऊस पडेपर्यंत गाभाऱ्याच्या दाराला कोणी हात लावू नये असे तिथेच ठरले. संगप्पा माणसांना घेऊन समाधीची जागा पाहायला राईच्या उत्तर टोकाकडे गेले. वनरक्षक सावलीत बसून पंचनामा लिहू लागला.

डॉक्टरांनी कोरड्या मातीने हात चोळले, मग खिशातली जंतुनाशकाची बाटली काढून त्यावर चार थेंब टाकले. शरणम्माने चहा आणला.

"नको, मावशी. पाणी वाचवा."

"अर्धाच कप हाय. अर्ध्याला न्हाई म्हनू नये."

त्यांनी कप घेतला, पण ओठाला लावला नाही. "स्वामीजी, एक सांगतो. गावासमोर बोललो नाही. ती विभूती नाही."

"मग काय आहे?"

"मूत्र आहे."

स्वामींनी पोत्यावरच्या मोराकडे पाहिले. ज्याच्यापुढे हात जोडले ते काय होते याची लाज त्यांना वाटली नाही; देहात पवित्र-अपवित्र इतके जवळ राहते हे ते जाणून होते. त्यांना दुसरेच काही टोचले.

"पक्ष्यांना मूत्र नसते," ते म्हणाले.

"असतं. पांढरं असतं. पाखराच्या शिटेत काळ्यावर पांढरं दिसतं ना? काळं ते शेण. पांढरं ते मूत्र. पाखराला मूत्राशय नाही, म्हणून दोन्ही एकाच वाटेनं, एकदमच पडतं."

"अय्यो," शरणम्मा म्हणाली. "मंजे देवळाच्या पायरीवरचं मी रोज शेन म्हनून पुसून राहिले, त्यात मूत बी व्हतं की काय?"

डॉक्टर पहिल्यांदाच हसले. मग ते दोघांना पोत्याजवळ घेऊन गेले. आतडी बाजूला सारून त्यांनी पाठीच्या कण्याला लागून असलेल्या हाडाच्या खोबणी दाखवल्या. त्या खोबणींत दोन्ही बाजूंना तीन-तीन फुगीर खंडांची लांबट मूत्रपिंडे चिणून बसवल्यासारखी होती. ती फिकट पडून सुजली होती, आणि त्यांच्यावर खडूने बारीक फांद्या काढाव्यात तशा पांढऱ्या रेषा उमटल्या होत्या.

"बैलाचं मूत्रपिंड असं नसतं," ते म्हणाले. "ते पाठीशी चरबीत सैल असतं, काढलं की हातात येतं. हे हाडातून कोरून काढावं लागतं. पण काम दोघांचं एकच. रक्त येतं, केसाहून बारीक वाहिन्यांच्या गुंतवळीतून गाळलं जातं. गाळलेलं पाणी नळ्यांत उतरतं. त्यातलं कामाचं परत रक्तात घ्यायचं, बिनकामाचं बाहेर टाकायचं."

"हे आम्ही वृक्काविषयी थोडेफार ऐकले आहे," स्वामी म्हणाले. "भेद कुठे आहे?"

"भेद घाणीत आहे. बैलाच्या, तुमच्या-माझ्या शरीरातली घाण म्हणजे युरिया. शेतात टाकतात तोच. तो पाण्यात विरघळतो, म्हणून पाण्याबरोबरच जातो. आपल्या गुंतवळी मोठ्या, दाब मोठा; भरपूर गाळायचं आणि त्यातलं बहुतेक परत घ्यायचं. त्यासाठी आपल्या नळ्या खोल खाली जाऊन, वळण घेऊन वर येतात. त्या वळणात पाणी वाचतं. उंटाचं तर लई वाचतं. पण कितीही वाचवलं तरी शेवटी धार सोडावीच लागते."

"आणि पक्ष्याचे?"

"पाखराच्या गुंतवळी बारक्या, मोजक्या वेढ्यांच्या. बहुतेक नळ्यांना ते वळणच नसतं, सरड्यासारख्या आखूड. थोड्याच नळ्या आपल्यासारख्या असतात. पाणी कमी पडलं की पाखरू आखूड नळ्यांची दारं लावून घेतं. गाळणंच कमी करतं."

"संयम," स्वामी पुटपुटले.

"म्हणा तसं. पण गाळणं कमी केलं म्हणून घाण साठत नाही, कारण तिची वाट वेगळी आहे. पायाकडून माघारी येणारं रक्त आधी ह्या मूत्रपिंडातून फिरतं, नळ्यांना बाहेरून वेढतं. नळीची भिंत त्यातली घाण उचलून आत टाकते. आणि ती घाण युरिया नसते. ती पाण्यात विरघळत नाही. चुन्यासारखी पांढरी, बारीक असते. पातळ काल्यासारखी सरकत जाते. तीसुद्धा लगेच बाहेर पडत नाही. शेवटच्या आतड्यात उलटी वर चढते, तिथं राहिलेलं पाणी शोषून घेतलं जातं, मग पडते."

स्वामींनी डोळे मिटले. "म्हणजे मी म्हटले त्यात फारसे असत्य नव्हते. व्यय अल्प आहे."

"अल्प आहे, स्वामीजी. पण आहे."

मग डॉक्टर शरणम्माकडे वळले. "मावशी, अंगण झाडायच्या आधी काय करता?"

"पानी शिंपडते."

"का?"

"न्हाईतर धुरळा उडून घरात बसतो."

"एवढंच झालं. आपण मोरीत बादली ओतून घाण धुतो. पाखरू ओंजळभर पाणी शिंपडून केर लोटतं. ती ओंजळ बंद झाली, केर नळ्यांत वाळला, नळ्या चोंदल्या. मग घाण रक्तात राहिली आणि धुरळ्यासारखी जागा मिळेल तिथं बसली. हृदयावर बसली." ते क्षणभर थांबले. "आणि हरभऱ्याची डाळ. केर होतो तो डाळीतल्या सत्त्वाचाच. जेवढी डाळ तेवढा केर. पाणी काढून घेतलं आणि केर दुप्पट केला."

लिंबाच्या पलीकडे उरलेले मोर बसले होते. एका लांडोरीने मान उचलण्याचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. स्वामी तिच्याकडे पाहत राहिले. आपल्या अनुमानातला दोष आता त्यांना स्वच्छ दिसत होता; पायऱ्यांचा क्रम चुकलेला नव्हता, दृष्टांतही चुकलेला नव्हता. अल्प आणि शून्य यांत जे अंतर आहे तेवढेच त्यांनी सोडून दिले होते, आणि तेवढ्यात मोर मेला होता. गुरूंच्या आज्ञेला मात्र कसलेच अनुमान लागले नव्हते. डोण कोरडी पडू देऊ नकोस, एवढीच होती ती.

"उरलेल्यांचे काय?" त्यांनी विचारले.

"ज्यांच्या नळ्या पुऱ्या चोंदल्या त्यांचं काही करता येणार नाही. बाकीचे वाचतील. डाळ बंद करा. आणि डोण दिवसभर भरलेली पाहिजे. आजपासून."

"टँकर परवा येईल."

"मग परवा मला आणखी पंचनाम्यांना यावं लागेल." हे बोलताना त्यांच्या आवाजात राग नव्हता, चार महिने रोज हेच सांगणाऱ्या माणसाचा थकवा तेवढा होता. "गावाला मी सांगू का? मला छावणीवर जायचंय, पण थांबतो."

"नको. अनुमान माझे होते. सांगणेही माझेच."

डॉक्टर गेले. शरणम्माने ओसरीवरच्या पिंपात हात घातला. तळाशी दोन तांबे पाणी होते. तिने ते भावाला न विचारता डोणीत ओतले. मोर एकमेकांवर पडत आले आणि पाणी क्षणात संपले. जे दुबळे होते त्यांना चोचही बुडवता आली नाही.

"अण्णा, आता?" ती म्हणाली.

स्वामी देवळाकडे पाहत होते. आजूबाजूच्या दोन कोसांत साठलेले पाणी एवढ्या एकाच ठिकाणी होते.

संगप्पा आणि माणसे परत आली तेव्हा स्वामी देवळाच्या सभामंडपात, गाभाऱ्याच्या बंद दारापुढे बसले होते. त्यांनी सर्वांना बसायला सांगितले. ते उंच आवाजात बोलले नाहीत. डॉक्टरांकडून जसे ऐकले तसे, पाणी शिंपडून केर लोटण्याच्या दाखल्यासह त्यांनी सांगितले. पाखरांचे पिंप देताना आपण काय म्हटले होते आणि ते कुठे चुकले, हेही सांगितले. शेवटी म्हणाले, "हृदयावर जे होते ती विभूती नव्हती. मी पाणी तोडले म्हणून साठलेला मळ होता. गाभाऱ्यातले पाणी मी पाखरांना देणार आहे."

सभामंडपात कुजबुज झाली. संगप्पा सर्वांत शेवटी बोलले.

"डाक्टर लोक सोन्याला बी पितळ म्हणून राहतात, स्वामी. त्येंचं सोडा. तुमी स्वतः हात जोडले. म्यां बघितलं."

"जोडले. माझ्या डोळ्यांनी मला फसवले. त्याआधी माझ्या बुद्धीनेही फसवले होते."

"आनि पाऊस? देव मोकळा केला आनि पाऊस न्हाई आला तर?"

"तर तो दोष माझ्यावर घाला."

"तुमच्यावर घालून जवारी उगवंल का?"

खांबाशी बसलेल्या मनकर्णाबाईने डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

"माझ्या नातीच्या तोंडची घागर हाय त्यात," ती म्हणाली. "ती रडून राहिली व्हती. तिला म्हनलं, देवाला देऊ, देव लई देतो."

"मनकर्णाबाई, तुमची घागर मी तुम्हाला परत देतो. ज्याला आपली हवी त्याने न्यावी. उरेल ते पाखरांचे."

"देवाला दिलेली परत घेत न्हाईत."

"मग ती पाखरांना देऊ का?"

सगळे तिच्याकडे पाहत होते. गावाचा होकार तिच्याकडे नव्हता, पण तिच्या डोक्यावरून आलेली घागर सर्वांनी पाहिली होती.

"व्हय म्हननार न्हाई मी," ती अखेर म्हणाली. "तुमी काढा. मी बघनार न्हाई." आणि तिने खांबाकडे तोंड फिरवले.

संगप्पा उठले. त्यांच्या डोळ्यांत राग होता, पण त्याहून जास्त काही हिरावून घेतल्याचे दुःख होते. "माझ्या आडतीतून आता ह्या राईत डाळीचा एक दाना येनार न्हाई, स्वामी."

"लई उपकार," शरणम्मा दाराशी उभी राहून म्हणाली. "तेच सांगायचं व्हतं, पन तोंड व्हईना."

दोघा-चौघांना हसू आले. त्यांनी ते दाबले. संगप्पा वहाणा घालून निघून गेले, आणि त्यांच्यामागे बहुतेक सारे गेले. चबुतऱ्याचा विषय मग कोणी काढला नाही. मोर वनखात्याच्या नियमाप्रमाणे राईबाहेर नेऊन जाळण्यात आला.

गोमुख उघडले असते तर सारे पाणी अंगणातल्या भेगांनी प्यायले असते. म्हणून स्वामींनी गाभाऱ्याचे दार उघडले, धोतर खोचले आणि पायऱ्या उतरून ते पाण्यात शिरले. पाणी मांड्यांपर्यंत आले. कुजलेल्या बेलाचा वास, अंधार, आणि पायाखाली शेवाळलेला दगड. पाण्याखाली पिंडीचा माथा त्यांच्या हाताला लागला. त्यांनी तो हात कपाळाला लावला, काही मंत्र म्हटला नाही, आणि कळशी बुडवली. पायरीवर शरणम्मा होती. ती कळशी घेई, फडक्यातून गाळून डोणीत ओती आणि रिकामी कळशी परत देई. दिवस मावळेपर्यंत डोण काठोकाठ भरली होती आणि पिंडीचा माथा पाण्याबाहेर आला होता.

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी मिळून दोन लांडोरी आणि एक नर मेले. वनरक्षक पुन्हा आला. त्याने कपाळाला हात लावला आणि पंचनामा लिहायला बसला. बाकीचे मोर डोणीपासून हलत नव्हते. ते पीत, बसत, पुन्हा पीत. शरणम्मा त्यांना ज्वारीचे चार दाणे आणि बाभळीच्या शेंगा टाकी, तेही हात आखडून. आठवड्याने डॉक्टर छावणीवरून येताना वाकडी वाट करून आले. त्यांनी जमिनीवर बसून मोरांची विष्ठा काडीने उलटीपालटी करून पाहिली.

"ओली आहे," ते म्हणाले. "पांढरं सरकतंय. उरलेत ते जगतील बहुतेक."

"बहुतेक," स्वामी म्हणाले.

"त्याच्यापुढचं मला गुरांबद्दलही सांगता येत नाही, स्वामीजी."

पुष्य गेले, आश्लेषाही तशाच गेल्या. श्रावणातल्या सोमवारी गावातून कोणी बेल वाहायला आले नाही. टँकरच्या रांगेत शरणम्माला लोक पुढे जाऊ देत, पण तिच्याशी बोलत नसत. एकदा कोणीतरी मागून म्हणाले की पाऊस ज्यांनी सोडला त्यांनी आता पाखरांकडून मागावा. तिने घरी येऊन हे सांगितले तेव्हा स्वामींनी फक्त मान हलवली. पाऊस का येत नाही याचे कारण त्यांना ठाऊक नव्हते. गाव जे म्हणते ते खोटे आहे असे सिद्ध करण्याची त्यांना आता इच्छाही उरली नव्हती. एकदा अनुमान करून त्यांनी पाहिले होते.

टँकरचे एक पिंप पुन्हा पाखरांचे झाले. ते दोन दिवस पुरे; मधल्या दिवसांची उणीव गाभारा भरून काढी. रोज पहाटे स्वामी पायऱ्या उतरत आणि रोज थोडे अधिक वाकावे लागे. गुडघे दुखत. पाणी मांडीवरून पोटरीवर, पोटरीवरून घोट्यावर आले. पिंडीवर जिथवर पाणी होते तिथवर एक काळपट रेषा राहिली. कळशी बुडेना तेव्हा ते तांब्या नेऊ लागले. तांब्याही भरेना तेव्हा वाटी.

मघा लागल्या त्या दिवशी वाटीही दगडावर नुसती घासली गेली. स्वामी पिंडीच्या कडेला गाभाऱ्याच्या जमिनीवर बसले, खांद्यावरचे उपरणे काढले आणि फरशीवर पसरून दाबले. ते ओले झाले की उचलून कळशीत पिळत. बाहेरून शरणम्मा म्हणाली, "ऱ्हाऊ द्या की वो, अण्णा. टँकर आज यील."

"येईल," ते म्हणाले आणि उपरणे पुन्हा पसरले.

कळशीचा तळ झाकेल एवढे पाणी जमले. ते घेऊन ते भिंतीला धरून वर आले, मधे एकदा थांबले, आणि डोणीच्या एका कोपऱ्यात त्यांनी ते हळूच ओतले. एक लांडोर उठून आली. तिने चोच बुडवली, मान वर करून घोट उतरवला आणि पुन्हा बुडवली. स्वामी डोणीच्या कडेला हात टेकून, ओले उपरणे मांडीवर घेऊन, तिचे पिणे संपेपर्यंत बसून राहिले. आभाळ स्वच्छ होते.